‘किती टन उचलतं?’ हा अर्धाच प्रश्न

मागच्या अंकात साखर कारखान्यातल्या बगॅसबद्दल, म्हणजे उसाच्या चोथ्याबद्दल, लिहिताना मी टेलीहँडलरचं नाव एका ओळीत घेतलं होतं: लांब होणाऱ्या बूमची, म्हणजे उचलणाऱ्या हाताची, फोर्कलिफ्ट. तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्या यंत्रालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये हायड्रोलिक सिलिंडरची सीलं बदलण्यापासून सुरुवात केली, मग १४ वर्षं साईटवर जाऊन टेलीहँडलर दुरुस्त केले, आणि आता ऑपरेटर तयार करते. माझे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल होते. १०० किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या घरात वाढल्यामुळे ओझं कसं उचललं जातं, हा प्रश्न मला लहानपणापासून जवळचा आहे.

प्रश्न : मी चार मजली इमारती बांधतो. ब्लॉक, सिमेंट, टाइल्स वर न्यायला हॉइस्ट आणि माणसं वापरतो, कधी हायड्रा (चाकांवरची क्रेन) मागवतो. एक विक्रेता ‘तीन टनी टेलीहँडलर घ्या’ म्हणून मागे लागला आहे. तीन टनांत माझं काम भागेल का? आणि साध्या फोर्कलिफ्टपेक्षा यात वेगळं काय असतं? – एक वाचक, नाशिक

दादा, विक्रेत्याला उलट विचारा: तीन टन खरे, पण किती लांबवर?

साध्या फोर्कलिफ्टला पुढे उभा मास्ट, म्हणजे खांब असतो, आणि त्यावर माल पेलणारे फोर्क, म्हणजे लोखंडी सुळे. माल पुढच्या चाकांना खेटून राहतो आणि सरळ वर जातो. गोदामात सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर याहून चांगलं यंत्र नाही. पण तुमच्या साईटवर इमारतीच्या कडेला खड्डा असतो, परांची असते, वाळूचा ढीग असतो. फोर्कलिफ्ट भिंतीपर्यंत पोचतच नाही. टेलीहँडलरला मास्ट नसतो. त्याचा बूम यंत्राच्या पार मागच्या अंगाला पिनेवर बसवलेला असतो आणि केबिनच्या शेजारून पुढे येतो. तो वर उचलला जातो आणि दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकातून एक बाहेर पडून लांबही होतो. म्हणजे यंत्र खड्ड्याच्या अलीकडे उभं राहतं आणि पॅलेट, म्हणजे माल रचलेली फळी, पलीकडच्या स्लॅबवर अलगद टेकवतं. मोठी चाकं, चारही चाकांना ताकद, बहुतेक मॉडेलांत चारही चाकं वळणारी, त्यामुळे चिखलातून आणि अरुंद गल्लीतून ते निघतं.

हायड्राशी तुलना कराल तर मुख्य फरक असा की हायड्रात माल हुकाला लटकतो. यंत्र चालताना तो झुलतो आणि त्याला धरायला कुणीतरी सोबत चालावं लागतं. ते सोबत चालणं मला कधीच पटलेलं नाही. टेलीहँडलरमध्ये पॅलेट फोर्कवर बसलेलं असतं, धरायला माणूस लागत नाही.

आता तीन टनांचं बघू. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई विहिरीपासून घरापर्यंत येते. तीच कळशी हात समोर ताठ करून धरायला सांगा, दहा पावलंही जाता येणार नाही. पाणी तेवढंच असतं, अंतर वाढलेलं असतं. टेलीहँडलरचं सगळं शास्त्र या कळशीत आहे. पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या चाकांचा आस, हा टेकू. त्याच्या पुढे माल, मागे यंत्राचं स्वतःचं वजन.

हिशेबापुरतं एक यंत्र धरू. वजन ८ टन, आणि ते पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे एकवटलेलं. यंत्राला जमिनीवर दाबून ठेवणारा जोर झाला ८ गुणिले १.२, म्हणजे ९.६ टन-मीटर. बूमची मागची पिन एक्सलच्या २.५ मीटर मागे आहे. बूम १० मीटर लांब केला आणि टोकाला दीड टनाचं पॅलेट आहे. बूम ६० अंशांत असेल तर त्याची आडवी लांबी ५ मीटर भरते. त्यातले अडीच मीटर एक्सलच्या मागेच गेले, म्हणजे माल एक्सलच्या पुढे फक्त अडीच मीटर. उलटवणारा जोर ३.७५. यंत्राला काही वाटतही नाही. आता बूम तेवढाच लांब ठेवून नुसता खाली आणा. आडवा झाला की माल साडेसात मीटर पुढे जातो आणि उलटवणारा जोर ११.२५ होतो. पण तो आडवा होईपर्यंत यंत्र थांबणारच नाही. २७ अंशांच्या आसपासच मागची चाकं जमीन सोडतील. खऱ्या यंत्रात तर त्याआधीच, कारण बूमचं स्वतःचं लोखंडही पुढे सरकलेलं असतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की धोका उचलताना असतो. टेलीहँडलरचा मोठा धोका उतरवताना असतो. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडून एकच वाक्य म्हणून घेते: आधी आत, मग खाली. आधी बूम आखडून घ्यायचा, मगच खाली आणायचा.

पुण्याजवळच्या एका साईटवर हेच चुकलेलं मी पाहिलं. ऑपरेटर अनुभवी होता. त्याने ब्लॉकचं पॅलेट तिसऱ्या मजल्यावर नेलं, तिथल्या गड्यांनी सांगितलं की जागा नाही, परत घे. चढवताना सगळं ठीक झालं होतं, त्यामुळे त्याच्या मनात शंका नव्हती. त्याने यंत्र भिंतीपासून मागे घेतलं आणि बूम तसाच लांब ठेवून खाली आणायला सुरुवात केली. मागच्या एक्सलवरचा भार कमी झाला की वाजणारा भोंगा त्या यंत्रात होता, पण ‘सारखा वाजतो’ म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती. यंत्र नाकावर आलं. पॅलेट वाळूच्या ढिगावर पडलं. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. ऑपरेटरचं मनगट मोडलं. मला यंत्र उचलायला आणि दुरुस्त करायला बोलावलं होतं. ती सुटी वायर मी हातात धरली होती, तिच्या टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळलेली होती. गडबडीत सुटलेली वायर अशी नसते.

तुमच्या कामाचं बोलायचं तर मॉडेलचा आकडा वाचायला शिका. जेसीबीच्या लोडऑल या टेलीहँडलरवर ५३०-११० असं लिहिलेलं असतं. त्यातला ३० म्हणजे ३ टन आणि ११० म्हणजे ११ मीटर उंची. ५४०-१७० म्हणजे ४ टन आणि सुमारे १७ मीटर. पण ते टन बूम आखडलेला असताना आणि ते मीटर बूम पूर्ण ताणलेला असताना; दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. मधलं सगळं केबिनमध्ये चिकटवलेल्या लोड चार्टवर असतं: आडव्या रेषेवर पुढचं अंतर, उभ्या रेषेवर उंची, आणि मध्ये कमानीसारखे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात किलो. यंत्राला जॅक (स्थिर राहायला जमिनीवर टेकवायचे पाय) असतील तर ते लावून आणि न लावता असे दोन वेगळे तक्ते असतात.

तुमचा चौथ्या मजल्याचा स्लॅब १२ मीटरच्या आसपास येणार. ११ मीटरवालं यंत्र तिसऱ्यापर्यंत नीट काम करेल, चौथ्याला हात टेकेल. माझं मत असं की आधी दोन महिने भाड्याने घ्या. तुमच्या सगळ्यात जड पॅलेटचं वजन काट्यावर करून घ्या, भिंतीपासून यंत्र किती लांब उभं राहावं लागतं ते टेपने मोजा, आणि ते दोन आकडे घेऊन चार्टपुढे उभे राहा. स्लॅबच्या ज्या कडेवर पॅलेट ठेवणार तिथे खाली टेकू हवेत की नको, हे तुमच्या आरसीसी सल्लागाराला विचारा. यंत्र सुरक्षित राहिलं आणि ताजा स्लॅब खचला, असंही होतं.

प्रश्न : मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतो. बूम वर जाताना फोर्क सपाट कसे राहतात? आणि एकच सिलिंडर तीन भाग बाहेर कसे काढतो? – विद्यार्थी, कराड

तुझ्या दोन्ही प्रश्नांनी मला आनंद झाला. ऑपरेटर वर्षानुवर्षं यंत्र चालवतात आणि हे विचारत नाहीत.

फोर्क सपाट राहण्याची युक्ती साधी आहे. बूम उचलणारा मोठा सिलिंडर तर असतोच. त्याच्या जवळ, चासी (यंत्राचा सांगाडा) आणि बूम यांच्यामध्ये, आणखी एक छोटा सिलिंडर असतो. त्याला पंपाचं तेल उचलण्यासाठी मिळत नाही. बूम वर गेला की तो आपोआप ताणला जातो आणि त्यातलं तेल ढकललं जातं. ते तेल पाइपातून बूमच्या टोकाला, फोर्क वाकवणाऱ्या सिलिंडरमध्ये जातं. मापं अशी जुळवलेली असतात की बूम जितके अंश वर, तितकेच अंश फोर्क खाली झुकतात. बंद वाटेतलं तेल इकडून तिकडे, बाकी ना सेन्सर ना कॉम्प्युटर. एखाद्या यंत्रात बूम वर जाताना फोर्क हळूहळू तिरपे व्हायला लागले तर आधी या वाटेत हवा शिरली आहे का, सील गळतं आहे का, ते बघायचं.

आता तीन भागांचं. बाहेरचा, मधला आणि आतला अशा चौकोनी पेट्या धर. सिलिंडर बाहेरच्या पेटीला अडकवलेला आहे आणि तो फक्त मधल्या पेटीला ढकलतो. आतल्या पेटीसाठी चेन आहे. चेनचं एक टोक बाहेरच्या पेटीला पक्कं, मग ती मधल्या पेटीच्या पुढच्या तोंडावरच्या पुलीवरून वळून मागे येते, आणि दुसरं टोक आतल्या पेटीच्या मागच्या भागाला. मधली पेटी १ मीटर पुढे गेली की पुली १ मीटर पुढे जाते, आणि चेन आतल्या पेटीला मधलीच्या तुलनेत आणखी १ मीटर ओढून काढते. सिलिंडर १ मीटर सरकला, फोर्क २ मीटर पुढे. परत आत घ्यायला अशीच दुसरी चेन उलट्या दिशेने बसवलेली असते. घरी काड्यापेट्या आणि दोरा घेऊन करून बघ, पाच मिनिटांत कळेल.

ही चेन सायकलसारखी नसते. तिच्यात रोलर नसतात, एकमेकींवर रचलेल्या पट्ट्या आणि पिना असतात. ती झिजते म्हणजे पिनांची भोकं मोठी होऊन ती लांबते. ३ टक्के लांबली की बदलायची, असं सर्रास मानतात. तुझ्यासमोरच्या यंत्राच्या पुस्तकात कमी सांगितलं असेल तर पुस्तकाचं ऐकायचं. पेट्यांच्या मध्ये नायलॉनसारखे वेअर पॅड असतात. ते झिजले की बूम डुलतो आणि लोखंड लोखंडावर घासायला लागतं.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की कर. या वाटांत २०० बारच्या वर दाब असतो. होजला (तेलाच्या रबरी नळीला) सुईएवढं भोक पडलं तर तिथून निघणारं तेल कातडीतून आत घुसतं. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि दुखतही नाही फार. माझ्या एका सहकाऱ्याने असंच ‘काही नाही, टोचलंय’ म्हणून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी हात सुजला आणि शेवटी बोटाचं टोक कापावं लागलं. गळती हाताने चाचपायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. आणि असं काही टोचलं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जाऊन ‘हायड्रोलिक तेल आत गेलंय’ हे शब्द उच्चारायचे.

प्रश्न : आमची जिनिंग आहे. गाठी रचायला टेलीहँडलर घ्यावा का? – यवतमाळ

नको. कापसाची गाठ १७० किलोची, जमीन पक्की, रचाई छपराखाली. गाठ दोन्ही बाजूंनी आवळणारा क्लॅम्प लावलेली साधी फोर्कलिफ्ट तुम्हाला पुरते, वळते लवकर आणि स्वस्त पडते. यंत्र डिझेलवर असेल तर सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी हवीच, कापसात एक ठिणगी बास होते. उघड्या यार्डात, खडबडीत जमिनीवर, एकाच बाजूने ट्रक भरायची वेळ येत असेल तेव्हा मला परत लिहा.

प्रश्न : साखर कारखान्यात बगॅसच्या गाठी हलवण्याचं कंत्राट घेतलं आहे. जुना टेलीहँडलर बघतोय. काय तपासू? – सांगली

भाऊ, रंगावर जाऊ नका. यंत्र सपाट जागी उभं करा, बूम पूर्ण लांब करून जमिनीपासून हातभर वर आडवा धरा आणि एका माणसाला टोकाशी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघायला सांगा. जास्त डुलला तर वेअर पॅड गेलेत. मग वजन घेऊन बूम वर करा, इंजिन बंद करा, खडूने खूण करून दहा मिनिटं थांबा. बूम आपोआप खाली आला तर सिलिंडरचं सील किंवा त्यावरचा चेक व्हॉल्व्ह खराब आहे. होज फुटली तरी तेल अडवून बूम धरून ठेवणारा तोच व्हॉल्व्ह असतो, त्याच्यावर तडजोड करू नका. बूमच्या मागच्या पिनेजवळ आणि फोर्कच्या कोपऱ्यात वेल्डिंगचे जुने डाग शोधा. फोर्कच्या टाचेची, म्हणजे तो जिथे वळतो तिथली, जाडी कॅलिपरने मोजा.

यानंतर केबिनमध्ये बसा. यंत्र पुढे कलंडायला लागलं की सांगणारे हिरवा, पिवळा, लाल असे दिवे लागतात का? भोंगा वाजतो का? बूम लांब करत नेल्यावर लाल दिव्याला बूम पुढे जाणं थांबतं का? ज्यांच्यात ही सोय आहे त्यांच्यात ती चालू असलीच पाहिजे. विकणारा ‘ते बायपास केलंय, त्रास देत होतं’ म्हणाला तर उठून घरी या. शेवटची तपासणी कधी झाली त्याचा कागद मागा. उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी हा नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ मध्ये घातलेला दंडक होता.

बगॅससाठी खास दोन गोष्टी. त्याचा बारीक भुसा रेडिएटरच्या जाळीत गच्च बसतो, इंजिन तापतं, आणि तापलेल्या सायलेन्सरवर साचला तर पेटतो. प्रत्येक पाळीला हवेने झाडा आणि आग विझवायचं नळकांडं केबिनमध्ये ठेवा. दुसरं, यार्डावरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्या खाली गाठी रचूच नका. बूम वर करून जाणाऱ्या माणसाचं लक्ष फोर्ककडे असतं, तारेकडे नसतं. चुकून तार लागलीच तर केबिनमध्येच बसून राहायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि वीज बंद करून घ्यायची. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर यंत्राला हात न लावता दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय घासत, जवळ ठेवत दूर जायचं.

प्रश्न : हे यंत्र मुळात कुठलं? – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, घराघरात पोचलेलं नाव घ्यायचं तर १९७७ साली इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या जेसीबीने आणलेला लोडऑल. तो बांधकामासाठी होता, पण शेतकऱ्यांनी तो पाहिला आणि गवताच्या गाठी रचायला, शेणखत भरायला घेतला. आज युरोपातल्या मोठ्या गोठ्यांत ट्रॅक्टरइतकाच तो लागतो. फ्रान्समधली मानितू आणि इटलीतली मेर्लो ही दुसरी मोठी नावं. मेर्लोने १९९१मध्ये वरचा सगळा भाग क्रेनसारखा फिरणारा रोटो आणला. आपल्याकडे पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याला जेसीबीचा मोठा कारखाना आहे. तरी गावात ‘जेसीबी’ म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे खोदणारं पिवळं यंत्रच येतं.

प्रश्न : माझा मुलगा टेलीहँडलरवर ऑपरेटर आहे. सुपरवायझर त्याला फोर्कवर रिकामं पॅलेट ठेवून त्यावर दोन माणसं उभी करून वर न्यायला लावतो. मुलगा म्हणतो, सगळीकडे असंच चालतं. मला झोप लागत नाही. – एक आई, सोलापूर जिल्हा

मावशी, तुमची झोप उडाली ते योग्यच आहे. सगळीकडे चालतं हे खरं आहे आणि ते चूक आहे, हेही खरं आहे.

पॅलेट फोर्कवर नुसतं ठेवलेलं असतं, बांधलेलं नसतं. माणूस एका कडेला सरकला की ते तिरपं होतं. माणसांना वर न्यायचं असेल तर त्यासाठी वेगळा पाळणा मिळतो: चारही बाजूंनी कठडा, यंत्राला पिनेने अडकवलेला, त्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेला. आत उभ्या माणसाने पूर्ण अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा (हार्नेस) पाळण्याला अडकवायचा. तो नसेल तर परांची बांधायची.

आणखी एक गोष्ट मुलाला समजावून सांगा, कारण ती सुपरवायझरलाही बहुधा माहीत नसते. ते हिरवे-लाल दिवे यंत्र पुढे कलंडतंय का एवढंच सांगतात. बाजूला कलंडतंय का, हे ते सांगत नाहीत. जमीन ३ अंश तिरकी असेल तर १० मीटर उंचीवरचं ओझं अर्धा मीटरहून जास्त बाजूला गेलेलं असतं, आणि केबिनमध्ये हिरवा दिवा तसाच जळत असतो. त्यासाठी केबिनमध्ये पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल असते. ती मध्ये असल्याशिवाय बूम वर करायचा नाही, माणसं असोत की ब्लॉक.

नोकरी जाईल ही त्याची भीती मी समजते. म्हणून नुसतं ‘नाही म्हण’ असं सांगून मी मोकळी होत नाही. यंत्राचं पुस्तक केबिनमध्ये असतं. त्यात माणसं वर नेण्याबद्दलचं पान असतं. त्या पानाचा फोटो काढून त्याने सुपरवायझरला आणि त्याच्या वरच्या साहेबाला मोबाईलवर पाठवावा, खाली एवढंच लिहून: ‘पाळणा मागवावा, तोवर परांची द्यावी.’ भांडण करू नये. मी शिकवलेल्या मुलांपैकी काहींनी हे केलं आहे. लेखी आलं की साईटवरच्या माणसाची हुकूम सोडायची घाई कमी होते.

आणि तोंडीच हुकूम आला, माणसं पॅलेटवर चढलीच, तर त्याने बूम आखडावा, फोर्क जमिनीला टेकवावेत, ब्रेक लावावा, इंजिन बंद करावं आणि किल्ली खिशात घालून खाली उतरावं.